शेड की शॅडो? ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी तीन वर्षं वापरून

आधीच सांगते, मी इंग्रजीची शिक्षिका वगैरे नाही. उरुळी कांचनच्या बाजूला आमची झाडांची नर्सरी आहे, माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठी मीडियम, लग्नानंतर बाहेरून बी.ए. केलं तेही मराठीतूनच. पण आता नर्सरीत पुण्याच्या सोसायट्यांची माणसं येतात, ऑफिसवाले येतात, लँडस्केपवाले येतात, आणि त्यांच्यासाठी झाडांच्या पाट्या, व्हॉट्सॲपवरचा कॅटलॉग, कोटेशन सगळं इंग्रजीत लागतं, आणि घरात ते काम माझ्याकडे आहे. म्हणजे इंग्रजीत वाढले नाही पण रोज इंग्रजी लिहावं लागतं अशा बाईचा हा रिव्ह्यू आहे, आणि ज्यांचं असंच आहे त्यांच्यासाठी आहे.

पुस्तक म्हणजे ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी. माझ्याकडची नववी आवृत्ती, २०१५ ची, अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड घेतलेली, साडेतीनशे रुपयांना. २०२० ला दहावी आली, नवीन घ्यायची तर ती घ्या, पण माझं जुनीवर काही अडलेलं नाही.

घ्यायची वेळ का आली ते सांगते, कारण तेच या पुस्तकाचं खरं काम आहे.

शेडनेटखाली आम्ही जी झाडं ठेवतो, पीस लिली, ॲग्लोनिमा, फर्न, अँथुरियम, त्यांना थेट ऊन चालत नाही. मराठी पाटीवर सरळ "सावलीत ठेवा" असतं. इंग्रजी पाट्या करायला घेतल्या तेव्हा मी मोबाईलवरच्या एका ट्रान्सलेटर ॲपमध्ये "सावली" टाकलं, वरती आलं "शॅडो", आणि मी पन्नास पाट्यांवर "कीप इन शॅडो" लिहून, लॅमिनेट करून, कुंड्यांत खोचून मोकळी झाले. दोन महिने कोणी काही बोललं नाही. मग एक रिटायर्ड प्रोफेसर येतात आमच्याकडे जास्वंदीसाठी, त्यांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "ताई, इथे शॅडो नको, शेड पाहिजे."

मी म्हटलं, "सर, शेड म्हणजे पत्र्याची ना? पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तर फर्न दोन दिवसात उकडून जाईल."

सर जरा थांबले आणि म्हणाले, "शब्द चुकलाय पण तुमची शंका बरोबर आहे."

ही शंका नुसती माझी नाही हो, विचार करून बघा. आपण मराठीत "शेड" किती वेळा म्हणतो, गायींची शेड, पोल्ट्री शेड, मेट्रोची कारशेड, आणि दुसरीकडे शेडनेट, लिपस्टिकची शेड, रंगाची शेड. देवनागरीत लिहिलं की सगळं एकच "शेड". पण इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, पत्र्याची ती वेगळी, तिचं स्पेलिंग वेगळं आणि त्यातला "शे" आखूड, तोडून टाकलेला. आणि नेटखालची, झाडाखालची ती वेगळी, तिचा "शे" लांबवायचा, शेवटी जरा "इ"कडे झुकवायचा, "शेइड" असा. आपल्या तोंडी दोन्ही सारखेच येतात म्हणून शेड म्हटलं की मला पत्रेच दिसायचे आणि मी त्या शब्दाकडे जायचंच टाळत होते. रोज शेडनेटखाली उभी राहते मी, तरी शेडनेटमधली शेड म्हणजेच सावली हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

घरी मुलीची इंग्रजी-मराठी पॉकेट डिक्शनरी होती ती काढली. शेडपुढे लिहिलेलं: सावली, छाया. शॅडोपुढे लिहिलेलं: छाया, सावली. झालं. आता यातून माणसाने काय घ्यायचं? अर्थ चुकीचे नाहीत, दोन्ही बरोबर आहेत, पण मला अर्थ नको होता, अर्थ मला माहितीच होता, मला दोघांतला फरक पाहिजे होता. आणि मराठी अर्थ देणारी डिक्शनरी नेमकी तिथेच हात वर करते, कारण मराठीत शब्दच एक आहे, ती बिचारी दुसरा आणणार कुठून.

सरांनीच मग या पुस्तकाचं नाव लिहून दिलं.

आता पुस्तकाकडे येते. यात शब्दाचा अर्थ इंग्रजीतच दिलेला असतो, पण सोप्या इंग्रजीत. अर्थ सांगायला त्यांनी ठरवून साधारण ३,००० ओळखीचे शब्द घेतलेत, त्यामुळे एका शब्दासाठी दहा शब्द शोधत बसावं लागत नाही. पण माझ्यासाठी खरा माल म्हणजे मधेमधे येणारे छोटे चौकोन, त्यावर लिहिलेलं असतं "विच वर्ड?", म्हणजे यातला कुठला. शेडच्या नोंदीपाशीच असा चौकोन आहे, शेड आणि शॅडो शेजारीशेजारी. त्यात जे सांगितलंय ते माझ्या शब्दात असं: शेड म्हणजे उन्हापासून आडोसा मिळालेली जागा, जिथे जरा अंधारं आणि गार असतं, आणि ती मोजता येत नाही. शॅडो म्हणजे माणसावर किंवा वस्तूवर उजेड पडल्यावर तिचा जो काळा आकार उमटतो तो, आणि तो मोजता येतो, एक शॅडो, दोन शॅडो. शिवाय शॅडोचा एक न मोजता येणारा अर्थ पण आहे, अंधुक भाग, जिथे नीट दिसत नाही, जसा चेहरा अंधारात असतो तसा.

एवढंच. पाच-सहा ओळी. पण त्या वाचल्या आणि मी कुंड्यांमधून जाऊन सगळ्या पाट्या काढल्या, कारण मी लिहिलेलं वाचून माणसाला वाटणार की झाड कशाच्या तरी काळ्या आकारात नाहीतर अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचंय, आणि ॲग्लोनिमाला अंधार नाही लागत, उजेड लागतोच, फक्त थेट ऊन नको. काही गिऱ्हाईकांनी खरंच झाडं जिन्याखाली ठेवली असतील का, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. आता पाटीवर असतं "पार्शल शेड", आणि खाली मॉर्निंग सन चालेल की नाही ते.

पुढचं मात्र पुस्तकात नाही, ते माझं मी जुळवलं, पण पुस्तकामुळे जुळलं. मराठीत शब्द एक असला तरी आपण तो वापरतो दोन तऱ्हांनी. "सावली पडली" म्हणतो तेव्हा ती शॅडो. "सावल्या लांबल्या" म्हणतो, अनेकवचन करतो, तेव्हा शॅडो, कारण ती मोजतोय. "सावलीत बस जरा" म्हणतो तेव्हा शेड. सावली कोणाची असं विचारता आलं, माझी, कुंडीची, विजेच्या खांबाची, तर बहुतेक शॅडो. आणि सावली कुठे आहे एवढाच प्रश्न असला तर शेड. म्हणजे फरक आपल्या जिभेला माहिती होता, नुसता दोन नावांनी बोलवायची सवय नव्हती. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी इतकी खूश होते की संध्याकाळी कामाला येणाऱ्या दोघीतिघींना पण चहा पिता पिता समजावून सांगितलं, आणि त्यातल्या एकीने लगेच विचारलं, मग आंब्याखाली जेवायला बसतो ती शेड आणि आंब्याची भिंतीवर पडते ती शॅडो का? अगदी तेच, आंबा एकच.

मग हे सगळीकडे दिसायला लागलं. मे महिन्यात पेपरात शून्य सावली दिवसाची बातमी येते, पुण्यात तो १३-१४ मेच्या आसपास असतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. इंग्रजीत त्याला झिरो शॅडो डे म्हणतात. झिरो शेड म्हटलं तर अर्थच बदलेल, कारण त्या वेळी कुंडीची शॅडो गायब असते पण नेटखाली शेड असतेच, आम्ही सगळे तिथेच तर बसलेले असतो. मुलीच्या भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, तिचं सेमी इंग्लिश, तिच्या मैत्रिणीच्या पुस्तकात रेन शॅडो. ते पण शॅडोच, कारण सह्याद्री आडवा उभा आहे आणि त्याच्यामागे पाऊस अडलेला पट्टा पडतो, डोंगराचीच सावली ती, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि आमच्या पूर्वेला दौंड-बारामतीकडे पाचशेच्या आसपास. ग्रहणात चंद्रावर पृथ्वीची पडते ती पण शॅडो. आणि पेपरात उद्या ४१ डिग्री असं येतं ते तापमान शेडमधलं असतं, थर्मामीटर उन्हात ठेवत नाहीत, लाकडी पेटीत ठेवतात.

आयशॅडोला शॅडो आणि लिपस्टिकला शेड का, हे पण मुलीने विचारलं. शेडचा दुसरा अर्थ पुस्तकात दिलाय, रंगाची छटा, लिपस्टिकची ती. डोळ्यावर लावतात ते डोळ्याच्या वर सावली पडल्यासारखं दिसावं म्हणून, असं मी तिला सांगितलं, हे माझं उत्तर आहे, पुस्तकाचं नाही.

सावलीशिवाय बाकी कुठे उपयोग झाला तर भाड्याला. आपलं टेम्पोचं भाडं, घराचं भाडं, एसटीचं भाडं, मंडपाच्या खुर्च्यांचं भाडं, सगळं भाडं. मी कोटेशनमध्ये "टेम्पो रेंट" लिहायचे. "रेट" या शब्दापाशी एक मोठा चौकोन आहे त्यात चार्ज, फी, रेंट, फेअर, टोल हे सगळे एकत्र मांडलेत, कुठला कशासाठी. प्रवास करणारा बसमध्ये देतो तो फेअर, घराचा-जमिनीचा महिन्याला जातो तो रेंट. टेम्पोने कुंड्या पोचवायच्या तर मी आता "ट्रान्सपोर्ट चार्जेस" लिहिते आणि कोणी परत फोन करून विचारत नाही की टेम्पो तुमच्याकडून भाड्याने घ्यायचाय का. किंमतीचं पण तसंच, प्राइस म्हणजे मी गिऱ्हाइकाला सांगते ती, कॉस्ट म्हणजे ते रोप तयार करायला मला पडलं ते. धंदा करणाऱ्याला हे दोन वेगळे माहिती पाहिजेतच, मराठीत आपण पडता आणि भाव म्हणतो तेव्हा चुकत नाही, इंग्रजीत मात्र दोन्हीला प्राइस करून टाकतो.

एक लक्षात आलं ते सांगते. घड्याळाला वॉच आणि क्लॉक दोन शब्द आहेत, मराठीत एकच, तरी ते आपण चुकत नाही, कारण एक हातात असतं एक भिंतीवर, डोळ्यांनी बघून शिकलो. पायाच्या बोटाला फिंगर म्हटलं तर शाळेत लगेच कोणीतरी सुधारतं. पण सावली, भाडं, किंमत, चूक, काम असले शब्द हातात धरून दाखवता येत नाहीत, तिथे अशा पुस्तकाशिवाय माझं तरी भागलं नसतं.

पुस्तक कोणी आणि कशासाठी काढलं हे सरांनीच सांगितलं आणि मला ते फार आवडलं. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, तिथल्या मुलांना काय अडतं ते बघत बघत त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर हा कोश केला, १९४२ ला तो आधी टोकियोत छापला गेला आणि मग १९४८ ला ऑक्सफर्डने काढला. म्हणजे हे मुळात परक्या भाषेतून येणाऱ्या माणसासाठीच केलेलं पुस्तक आहे. जपानीत आपल्यासारखंच "ए" आणि "द" नाहीत. आणि सर म्हणाले जपानीत शेडला आणि शॅडोला दोन्हीला बोलताना "कागे" म्हणतात, लिहिताना मात्र चिन्हं वेगवेगळी. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी तिकडच्या पोरांना पण हाच प्रश्न पडत असणार. नामापुढे मोजता येतं की नाही याची खूण, सी आणि यू, ती या पुस्तकात जागोजागी आहे, ती बघायची सवय लावा, निम्म्या जोड्या नुसत्या त्या खुणेवर सुटतात.

आता कमी काय आहे ते. एक तर मराठी अर्थ नाहीतच, त्यामुळे ज्याचं इंग्रजी अगदीच सुरुवातीचं आहे त्याने याच्यापासून सुरू करू नये, आधी साधी इंग्रजी-मराठी घ्या आणि शब्द जोडीने अडायला लागले की हे घ्या. टाइप बारीक आहे, माझ्या सासूबाईंना भिंगाशिवाय दिसत नाही. वजन भरपूर, नर्सरीत नेता येत नाही, माझं घरात खिडकीपाशीच असतं. आणि शेड-शॅडोचा चौकोन आहे पण शेडचा आणि पत्र्याच्या शेडचा नाही, कारण तो घोळ इंग्रजीतला नाही, आपल्या देवनागरीतला आहे, तो आपणच सोडवायचा. त्यासाठी उच्चाराच्या खुणा दिल्यात, मी सगळ्या शिकले नाही, चार-पाच शिकले तेवढ्यात काम झालं. त्यांच्या वेबसाइटवर हेच सगळं फुकट आहे, चौकोनांसकट, आणि स्पीकरचं बटण दाबलं की उच्चार ऐकू येतो. दोन्ही शेड मी तिथे एकामागून एक वीस वेळा ऐकल्या तेव्हा फरक कानात बसला. मग पुस्तक का घ्यायचं? मोबाईलवर आपण पाहिजे तो शब्द बघतो आणि बाहेर पडतो, पुस्तकात शेड शोधताना आजूबाजूला शॅडो, शॅलो, शेम सगळे भेटतात. ज्याला जसं जमेल तसं.

लाँगमनची पण चांगली आहे, १९७८ पासूनची, अर्थ सांगायला त्यात साधारण २,००० च शब्द, त्यामुळे वाचायला याहून हलकी. कॉलिन्सची कोबिल्ड १९८७ ला आली ती अर्थ पूर्ण वाक्यातच सांगते, शब्द वाक्यात कसा बसतो ते आपोआप दिसतं. दोन्ही मी लायब्ररीत बघितल्यात, वाईट कुठलीच नाही, पण जोडी सोडवायला चौकोन मला याचेच बरे पडतात.

शेवटचं सांगते, त्यासाठी हे पुस्तक कायम माझ्या जवळ राहील. गेल्या वर्षी नर्सरीला पंचवीस वर्षं झाली. नर्सरी सासऱ्यांनी सुरू केलेली, अण्णांनी, विहिरीजवळ चार वाफे आणि गुलाबाची कलमं एवढ्यावर. ते आता नाहीत. दिराने माहितीपत्रक छापायचं ठरवलं, एका बाजूला मराठी एका बाजूला इंग्रजी. मराठीत त्याने लिहिलं, "अण्णांच्या सावलीत वाढलेली नर्सरी". वाचून सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. इंग्रजी मी करायचं होतं. हात लिहून गेला, "ग्रोन इन द शॅडो ऑफ अवर फादर". शॅडो मी मुद्दाम घेतलं होतं, कारण सावली कोणाची ते सांगता येतंय, अण्णांची, माझाच नियम.

तरी प्रेसला पाठवायच्या आधी पुस्तक उघडलं, सवयीने. शॅडोच्या नोंदीत खाली वाक्प्रचार दिलेत त्यात हा होता, एखाद्याच्या शॅडोमध्ये असणं म्हणजे त्या माणसाच्या मोठेपणामुळे आपल्याकडे कोणाचं लक्षच न जाणं, झाकोळून जाणं. मी तशीच बसून राहिले. आपल्याकडे आईची सावली, बापाची सावली म्हणजे डोक्यावर हात, आडोसा, गारवा. इंग्रजीत तेच वाक्य तक्रार होऊन बसतं, की अण्णांमुळे आम्ही पुढे आलोच नाही. ज्या माणसाने कलम बांधायला माझ्यासारख्या नव्या सुनेला स्वतः शेजारी बसवून शिकवलं, सुरी कशी धरायची, डोळा कसा उचलायचा, पट्टी किती ओढायची, त्याच्याबद्दल आमच्याच कागदावर असं छापून गेलं असतं आणि पुण्याच्या इंग्रजी वाचणाऱ्या गिऱ्हाइकाने ते तसंच वाचलं असतं.

शेड टाकून बघितलं, पण ते अगदी खरंखुरं झाडाखाली बसल्यासारखं वाटत होतं. सरांना फोन केला, ते म्हणाले, "ताई, इथे दोन्ही सोडा." मग दोन दिवस घालवून "अंडर हिज केअर" केलं. अण्णांसाठी ते मला थोडं कमी वाटतं, पण चुकीचं नाही. मराठी बाजूला मात्र दिराचं वाक्य होतं तसंच ठेवलं.